डोंगराखालचा खानझोडे

आमच्या घराच्या वास्तुशांतीला दिवाकर खानझोडे फावडं घेऊन आला.

बाकीचे लोक काचेचे बाउल, भिंतीवरची घड्याळं आणि इथल्या सगळ्या मराठी मंडळात फिरून फिरून अखेर आमच्याकडे पोचलेला तो लाकडी गणपती घेऊन आले होते. खानझोडेने दारात बूट काढले, गुरुजींना नमस्कार केला, होमाच्या धुराने वाजू नये म्हणून आम्ही स्मोक अलार्मला बांधलेली प्लास्टिकची पिशवी निरखून पाहिली, "नंतर आठवणीनं काढा भाऊ, लोक विसरून राहिले" असं बजावलं आणि बूट पुन्हा घालून थेट मागच्या अंगणात गेला. आत मंत्र चालू होते. बाहेर खणल्याचा आवाज.

आरतीच्या वेळी तो परत आला तो कागदी बशीत मूठभर पिवळट राखाडी माती आणि तीत एक दगड घेऊन. बशी त्याने शिऱ्याच्या पातेल्याशेजारी ठेवली. एका काकूंनी प्रसाद समजून चिमूट उचललीसुद्धा.

"अभिनंदन," तो म्हणाला. "तुमचं घर जुन्या लोंढ्यावर आहे. हा दगड पाहा. हा डोंगराचा आहे. हा काही इथं सहलीला आला नव्हता." आणि मग, आवाज खाली आणून, "बरं, पळायचं कुठं, ते ठरवलं का?"

माझी बायको सुनीता हातात निरांजन घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू हा मनुष्य मीच तयार करून घरी आणला आहे. मला तसं वाटायला वेळ लागत नाही. मी स्वभावानेच अपराधी माणूस आहे. दुसऱ्याच्या घरी कप फुटला तरी तो काठावर आपणच ठेवला असणार, अशी माझी खात्री असते.

ही गोष्ट २००३ची. आम्ही वॉशिंग्टन राज्यात, टॅकोमाच्या पलीकडे, नदीच्या खोऱ्यातल्या एका लहान गावात नवं घर घेतलं होतं. सिएटलकडच्या ऑफिसांपासून लांब, म्हणून स्वस्त. आणि खोऱ्याच्या टोकाशी माउंट रेनियर. इतका मोठा, इतका पांढरा, की पहिल्यांदा पाहताना तो ढग वाटतो आणि मग ढग त्याच्या कमरेशी दिसतात. या भागात वर्षातले बहुतेक दिवस आभाळ भरलेलं असतं, त्यामुळे तो दिसला की गोरे लोक एकमेकांना आनंदाने सांगतात, "द माउंटन इज आउट टुडे." जणू तो रोज कामावर जातो आणि आज सुट्टीवर आहे. एजंटने आम्हाला घर दाखवताना स्वयंपाकघराचा पडदा असा ओढला होता, की सुनीताने बाकीच्या खोल्या पाहिल्याच नाहीत.

तो डोंगर ज्वालामुखी आहे, हे आम्हाला ठाऊक होतं. म्हणजे कोलेस्टेरॉल आहे हे जसं ठाऊक असतं, तसं.

खानझोडे आमच्यापासून तीन घरं सोडून राहायचा. मूळ नागपूरचा, वय पंचेचाळिशीच्या आसपास, लग्न झालेलं नाही, घरी फक्त म्हातारी आई. नोकरी सॉफ्टवेअर टेस्टरची. दुसऱ्यांनी केलेली वस्तू कुठे मोडेल, हे शोधण्याचा त्याला पगार मिळायचा, आणि घरी आल्यावर तेच काम तो फुकट करायचा. "चालून राहिलं म्हणजे काय भाऊ? अजून तुटलं नाही, इतकंच," हे त्याचं जीवनविषयक तत्त्वज्ञान. त्याच्यासमोर खुर्चीत बसायची चोरी. तो आधी तिचे पाय हलवून पाहायचा.

त्यानेही घर घेतलं ते पडदा ओढून दाखवलेल्या डोंगरावर भाळूनच. मग एका सोमवारी ताप आला म्हणून तो घरी होता आणि भर दुपारी गावातले भोंगे वाजायला लागले. खानझोडे आईला हाताला धरून, ब्लँकेटसकट, रस्त्यावर आला. समोरचा म्हातारा शांतपणे लॉन कापत होता. काय झालं, असं विचारल्यावर तो म्हणाला, "काही नाही, टेस्ट आहे. डोंगरावरून चिखलाचा लोंढा आला तर वाजतात ते. दर महिन्याला वाजवून बघतात."

आता टेस्टरच्या समोर टेस्ट हा शब्द. "भाऊ, मी त्याला विचारलं, टेस्ट आहे तर पास झाली का फेल? तो म्हणे, म्हणजे? मी म्हटलं, भोंगा वाजला, अन् एक माणूस घराबाहेर निघाला नाही. हा बग आहे! हा कोणी लॉग काहून नाही केला?"

म्हाताऱ्याने लॉनमोअर परत सुरू केला. त्या दिवसापासून तो बग, म्हणजे तो दोष निस्तरायचं काम, खानझोडेने स्वतःच्या नावावर घेतलं.

त्याने ज्वालामुखींवरचं सगळं वाचलं. सरकारी नकाशे आणून भिंतीला लावले. देवघराच्या शेजारी धोक्याचा पट्टा दाखवणारा नकाशा, आणि त्यात आमची अख्खी गल्ली गुलाबी रंगात. झोपताना तो पायमोजे घालूनच झोपायचा. दाराशी एक सॅक कायम भरलेली. तिच्यात टॉर्च, मास्क, पाण्याच्या बाटल्या आणि चिवडा. हा चिवडा त्याची आई दुपारच्या चहाबरोबर गुपचूप संपवायची, त्यामुळे आपत्कालीन साठा तो सतत नव्याने भरत असे. "चिवडा मऊ पडून राहिला असता," काकू म्हणायच्या. "संकट आलं म्हणून काय मऊ चिवडा खायचा?"

एकदा मंडळातल्या कुणीतरी पुढाकार घेऊन त्याची एका बाईंशी भेट ठरवली. कॉफीच्या दुकानात. बाई घटस्फोटित, समजूतदार, बँकेत नोकरी. खानझोडेने कॉफी मागवली, आवडीनिवडी विचारल्या, आणि मग म्हणाला, "एक विचारू का? तुम्ही किती जोरात धावू शकता?" बाई म्हणाल्या, "दाखवते," आणि उठून गेल्या.

पण त्याचं खरं प्रेम होतं जळत्या लोंढ्यावर. ज्वालामुखी म्हटलं की लोकांना लाव्हा आठवतो, आणि लाव्हा शब्द उच्चारला की खानझोडे डोळे मिटून घ्यायचा. "लाव्हा सज्जन माणूस आहे, भाऊ. सांगून येतो, हळू येतो. तुमची आजी चप्पल शोधून, कुलूप लावून, शेजारणीला सांगून निघेल, तरी तो मागंच असतो. लाव्हा म्हणजे सरकारी नोटीस. जळता लोंढा म्हणजे धाड."

आमच्या घरच्या दिवाळीत त्याने हे प्रात्यक्षिकासह समजावलं. पंधरा-वीस माणसं जमलेली. खानझोडेने मसालेभाताचा मोठा डोंगर ताटात रचला. वर व्हॅनिला आइस्क्रीमचा थर दिला, हे हिमनद. मुलं टेबलाभोवती गोळा झाली.

"आता स्फोट होते. गरम राख, वायू अन् दगडं, सगळ्यांचा मिळून एक ढग, तोच जळता लोंढा. पण हा ढग वर नाही जात. काहून? जड असते. तो डोंगराच्या अंगावरून खाली पळते. हायवेवरच्या गाडीच्या पुढं. अन् इतका गरम का लाकूड पेटून जाईल." त्याने आमटीचा डाव उचलला. "ह्या आमटीले तुम्ही ढग समजा."

"दिवाकर भावजी, टेबलक्लॉथ—" सुनीता म्हणाली.

"एक मिनिट, वहिनी. तो ढग आपल्यापर्यंत नाही यायचा, आपण दूर आहो. पण मधात बर्फ आहे न!" आणि उकळती आमटी त्याने आइस्क्रीमवर ओतली. आइस्क्रीम वितळलं, भाताचा कडा ढासळला, आणि एक पिवळट, दुधाळ, शितं वाहून नेणारा ओघळ ताटाबाहेर पडून टेबलावरून करंज्यांच्या बशीकडे निघाला. "हा चिखलाचा लोंढा. नदीच्या पात्रातून येते. ओल्या सिमेंटसारखा. झाडं घेऊन, पूल घेऊन. अन् ह्या करंज्या म्हणजे आपलं गाव."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मंडळाचे अध्यक्ष करमरकर यांनी नाही. करमरकर नोकरीबरोबर जोडधंदा म्हणून घरं विकायचे, आणि आमच्या खोऱ्यातली निम्मी मराठी घरं त्यांनीच पडदे ओढून विकली होती. पुढच्या महिन्यात त्यांनी फर्मान काढलं, की मंडळाच्या कार्यक्रमात धर्म, राजकारण आणि डोंगर हे विषय नकोत.

एकही माणूस खानझोडेमुळे खोरं सोडून गेला नाही, हे नोंदवायला हवं. उलट त्या वर्षांत सगळे आणखी मोठं घर घेत होते. लोंढा येईल तेव्हा येईल, ग्रॅनाइटचा ओटा आत्ता मिळत होता. आम्ही कुणीही मूर्ख नव्हतो. आम्ही सगळे इंजिनिअर होतो. नकाशा आम्हाला वाचता येत होता. आम्ही फक्त नकाशाकडे न पाहता खानझोडेला हसायचो. मुलं त्याला व्होल्कॅनो काका म्हणायची, आणि त्याची नक्कल सगळ्यांत चांगली मी करायचो. नक्कल करून घरी आलो की मला वाईट वाटायचं, आणि पुढच्या पार्टीत आग्रह झाला की मी पुन्हा करायचो.

मग तू स्वतः का नाही जात इथून, असं त्याला तोंडावर विचारणारे बरेच होते. तो चष्मा पुसायचा. उत्तर सगळ्यांना माहीत होतं. आई हलायला तयार नव्हती.

त्याची आई, शकुंतलाकाकू, त्याचे वडील गेल्यानंतर नागपूरहून इथे आल्या त्या रडतच. इंग्रजी येत नाही, गाडी येत नाही, गुडघे संपलेले, वॉकर घेऊन घरातल्या घरात चालायचं. टीव्हीवर काय चाललंय कळत नाही. मुलगा पहाटे जातो तो संध्याकाळी येतो. पहिला महिना त्यांनी "तिकीट काढ" एवढंच म्हणत काढला. आणि एका सकाळी आभाळ उघडलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत तो डोंगर उभा होता. नागपूरच्या माणसाला डोंगर म्हणजे सीताबर्डीची टेकडी. काकू ओट्याला धरून उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात जोडले.

तेव्हापासून त्यांचं सगळं त्या खिडकीत. सकाळी आंघोळ झाली की डोंगराला नमस्कार. साखर-दाण्याची वाटी खिडकीच्या कठड्यावर. माझ्या मुलीने त्यांना "आजी, द माउंटन इज आउट!" म्हणायला शिकवलं होतं. ते एकच इंग्रजी वाक्य त्यांना येत होतं आणि त्या ते पोस्टमनला, मला, फोनवर नागपूरच्या बहिणीला, सगळ्यांना सांगायच्या. ढग असले की त्या खुर्ची खिडकीकडे वळवून बसायच्या. दिसत नाही म्हणून काय झालं, म्हणायच्या, आहे न तिथं.

एकाच घरात एकाच डोंगरासाठी आई नैवेद्य ठेवत होती आणि मुलगा पायमोजे घालून झोपत होता.

"आई, वर पठारावर घर घेऊ," तो म्हणायचा. "सगळं नवीन, पायऱ्या नाहीत."

"तिथून दिसते का हा?"

"झाडं आहेत मधात."

"मग मी काय झाडाले नमस्कार करू?"

२००४च्या शरदात दक्षिणेकडचा सेंट हेलन्स पुन्हा धुमसायला लागला, तेव्हा खानझोडेला वाटलं, आता आईला पटेल. त्याने सहल काढली. आम्ही सहा-सात कुटुंबं गेलो, कारण रविवार होता आणि सुनीताने थेपले केले होते. सुरक्षित अंतरावरच्या एका थांब्यावर गाड्या लावल्या. खानझोडे ट्रॅफिक पोलिसासारखा मधोमध उभा राहून प्रत्येकाला गाडी उलटी लावायला सांगत होता. "नाक बाहेर! नाक बाहेर ठेवा! पळताना रिव्हर्स कोण टाकेल?" शेजारच्या गोऱ्या कुटुंबाने भेदरून आपलीही गाडी वळवून घेतली. मग त्याने ओले रुमाल वाटले. आम्ही ते थेपल्यांचं तेल पुसायला वापरले.

डोंगराला शेंडा नव्हता. वरचा भाग कुणी चमच्याने काढून नेल्यासारखा. त्या खळग्यातून पांढरी वाफ हळूच वर आली, सगळ्यांनी "ओऽऽ" केलं, दोघांनी टाळ्या वाजवल्या.

काकू मिनिव्हॅनच्या उघड्या दारात बसून बघत होत्या. "याचं डोकं कुठं गेलं रे?"

खानझोडे त्यांच्यापाशी उकिडवा बसला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "उडालं, आई. पंचवीस वर्षं होतील. आधी एक अंग घसरलं, मग स्फोट. कडेनं. जंगलच्या जंगल आडवं केलं. लोकं मेली. आधी हासुद्धा सुंदरच होता. लोक फोटो काढायला यायचे."

काकूंनी बराच वेळ पाहिलं. "रागात माणूस आपलंच डोकं घालवते," त्या म्हणाल्या. "आपला नाही असा. आपला शांत आहे."

"आई, आपला झोपला आहे."

"मग झोपू दे न. तू काहून सारखा त्याच्या नावानं बोंबलून राहतो?"

सगळे हसले. खानझोडेही हसला, पण त्याने ओला रुमाल तिच्या हातात कोंबलाच.

त्यानंतर एकदा मी त्यांना शाळेमागच्या टेकडीच्या पायवाटेवर पाहिलं. भोंगा वाजला की गावाने पायी चढून जायची ती वाट. शाळेतली मुलं ती दर वर्षी रांगेने चढतात, खिदळत. खानझोडे आईला चढवून पाहत होता. मी खालून चालत गेलो तेव्हा काकू पहिल्या वळणावरच्या बाकावर बसून संत्रं सोलत होत्या, वॉकर आडवा पडलेला, आणि हा समोर उभा, घामाघूम.

"थोडंसंच आहे, आई. ते झाड दिसून राहिलं न, तिथवर."

"तू जा पुढं," काकू म्हणाल्या, आणि संत्र्याची फोड माझ्यासमोर धरली. "घ्या हो. मी येते हळूहळू."

खानझोडेने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. मंडळात तो कायम सांगायचा, भोंगा वाजला की कुणासाठी थांबायचं नाही, सामानासाठी नाही, कुत्र्यासाठी नाही, जो मागे राहील त्याच्यासाठी तर नाहीच. थांबलं तर दोघंही जातात. हे वाक्य मी त्याच्या नकलेत नेहमी शेवटी घ्यायचो, फार हशा यायचा. त्या दिवशी मी फोड खाल्ली आणि गोड आहे म्हणालो.

दोन-अडीच वर्षं तो तिला विनवत राहिला. रागावून, लाडीगोडी लावून, तिच्या बहिणीला नागपूरहून फोन करायला लावून. २००७च्या वसंतात काकूंना एकदा न्यूमोनिया झाला आणि त्या इस्पितळातून आल्या त्या आणखी वाकून. तेव्हा त्याने विनवणं सोडलं. करमरकरांना गाठलं, त्यांनी आनंदाने गिऱ्हाइक आणलं. डोंगर त्या दिवशी आउट होता, त्यामुळे सौदा ठरायला वेळ लागला नाही. आणि पठारावर त्याने एक बैठं घर पाहून ठेवलं. फक्त आईचं 'हो' हवं होतं. तिच्या 'हो'शिवाय कुठलीच सही करणार नाही, हे त्याने करमरकरांना सांगून ठेवलं होतं, आणि करमरकर ते सगळ्यांना विनोद म्हणून सांगत होते.

एका शनिवारी सकाळी तो माझ्याकडे आला. "भाऊ, तुमची मिनिव्हॅन लागते. आईले चढायला बरी पडते. अन् तुम्हीही लागता."

"मी कशाला?"

"तुमचं ती ऐकते." मग त्याने खिडकीबाहेर पाहिलं. "आज दिवसभर ढग आहेत. मी तिले सांगणार आहे, नव्या घरून डोंगर दिसते म्हणून. तुम्ही फक्त हो म्हणा."

"अरे, आणि ढग गेल्यावर?"

"तोवर सामान लागलेलं असेल." त्याने चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्याचा चेहरा कुणा भलत्याच माणसाचा वाटायचा. "भाऊ, ती चिडेल, बोलणार नाही माझ्याशी. चालेल. पण वर असेल."

नाही म्हणायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी किल्ल्या घेतल्या.

पठारावरचं घर छान होतं. बैठं, उजेडाचं, नव्या गालिच्याच्या वासाचं. बाजूला सगळी तशीच घरं, मागे फरच्या झाडांची उंच भिंत. करमरकर कोट घालून दारात उभे. काकू वॉकर टेकत सगळ्या खोल्यांतून हिंडल्या, नळ सोडून पाहिले, ओट्यावरून हात फिरवला. मग खिडकीशी आल्या. बाहेर राखाडी आभाळ, रस्त्यापलीकडे एका मोठ्या दुकानाचं पार्किंग.

"हा कुठं?" त्यांनी विचारलं.

खानझोडेने हात वर केला. त्या पार्किंगच्या वर, जिथे ढग जरा पातळ होता, तिथे बोट दाखवलं. "तो तिथं. ढगामागं. उघडलं की अख्खा दिसते."

"हो का हो?" काकूंनी मला विचारलं.

"हो काकू," मी म्हणालो. "इथून जास्तच मोठा दिसतो." हे 'जास्तच मोठा' मला कुणी सांगितलं नव्हतं. ते माझं स्वतःचं.

काकूंनी वॉकर सोडला, खिडकीच्या चौकटीला एक कोपर टेकवलं आणि दुकानाच्या पार्किंगकडे तोंड करून हात जोडले. डोळे मिटले. ओठ हलत होते. करमरकरांनी आदराने फोन खिशात ठेवला.

खानझोडे तिच्या पाठीकडे बघत होता. त्याच्या मनासारखं झालं होतं. इतक्या वर्षांचा बग बंद व्हायला फक्त एक सही उरली होती. आणि हा मनुष्य, ज्याला आम्ही कधी नकाशा चुकीच्या दिशेने धरलेला सहन करताना पाहिलं नव्हतं, तो पुढे गेला आणि त्याने आईचे खांदे धरून तिला हळूच वळवलं. झाडांच्या भिंतीकडे.

"तिकडं नाही, आई," तो म्हणाला. "इकडं आहे. अन् इथून नाही दिसत. कधीच नाही दिसणार."

काकूंनी डोळे उघडले. त्यांना धक्का बसल्यासारखं काही वाटलं नाही.

"माहीत आहे मले," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं रोज पाहते त्याले. सकाळचं ऊन कोणीकडून पडते त्याच्यावर, एवढं नाही समजत का? येताना गाडीत सूर्य ढगातून जरासा दिसला न. तवाच समजलं."

"मग नमस्कार कोणाले केला?"

"तूच दाखवलं न, तिथं केला." त्यांनी वॉकर जवळ ओढला. "घेऊन टाक हे घर. नळाले पाणी चांगलं आहे. रात्री मोजे काढून झोपशील तरी. वय का आहे तुझं असं झोपायचं?"

करमरकर दोन पावलं पुढे आले. त्यांच्या हातात पेन होतं.

खानझोडेने खोलीभर नजर फिरवली, जणू कुठे काय मोडेल ते शोधतोय. मग तो करमरकरांकडे वळून म्हणाला, "क्लोजेट लहान आहे."

"काय?"

"बेडरूमचं क्लोजेट. लहान आहे. आईच्या साड्या नाही मावायच्या. कॅन्सल करा."

"अहो, खानझोडे, साड्या आहेत किती? अहो, तुमचं खालचं घर—"

"तेही कॅन्सल करा."

हे क्लोजेट पुढे मंडळात फार गाजलं. करमरकरांनी ते गणपतीत सांगितलं, दिवाळीत सांगितलं, आणि वर्षभराने घरांच्या किमती कोसळल्या आणि त्यांचा जोडधंदा बसला तेव्हा जरा कडवट होऊन सांगितलं. अख्ख्या गावाला पळायला शिकवणारा माणूस साड्यांसाठी लोंढ्यात राहिला! लोक पोट धरून हसले. मला नक्कल करायचा आग्रह झाला. मी घसा बसलाय म्हणालो. खरं काय ते सांगायला हवं होतं, पण खानझोडे स्वतः समोर बसून हसत होता आणि म्हणत होता, "अन् काय भाऊ, रॉडसुद्धा कच्चा होता!"

त्या शनिवारी परत येताना तो पुढे माझ्या शेजारी बसला नाही. मागे आईजवळ बसला. काकू दमल्या होत्या. पठार संपायच्या आतच त्यांची मान त्याच्या खांद्यावर कलली. आरशात मला दिसत होतं, तो अजिबात हलत नव्हता. एका हाताने त्याने तिचा गुडघा वरून धरून ठेवला होता, खड्ड्यात दचकू नये म्हणून.

रस्ता वळला आणि समोर खोरं उघडलं. नदी, शाळा, पूल, आमच्या गल्लीतली सारख्या छपरांची घरं. मी सवयीने गाडीला थोडा वेग दिला.

"हळू, भाऊ," तो कुजबुजला. "उतार आहे. आपल्याले काही घाई नाही."